ठरवणारा एकटाच

सायकलवरून एकट्याने लांब जाऊन आलेल्या माणसाला लोक आधी किलोमीटर विचारतात. मग भीती वाटली नाही का, ते विचारतात. राहिलास कुठे, खाल्लेस काय, पंक्चर किती झाली, हे त्यानंतर येते. दुपारी चार वाजता, पाय भरून आलेले असताना, पुढच्या गावापर्यंत जायचे की इथेच थांबायचे हे कसे ठरवलेस, असे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. ही प्रस्तावना त्याच प्रश्नाबद्दल आहे. लांब सफरीतले चढउतार रस्त्यावरचे असोत की मनातले, त्यांची कसोटी लागते ती निर्णयाच्या जागी. एकट्या सायकलस्वाराच्या बाबतीत थकलेला माणूस आणि निर्णय घेणारा माणूस एकच असतो. दोघे असले तर निदान एकाचे डोके ताळ्यावर राहण्याची शक्यता असते. एकट्याला ती सोय नाही. सफरीची सगळी तयारी, सगळी शिस्त ही उणीव भरून काढण्यासाठी असते, असे माझे ठाम मत आहे.

मराठी वाचकाला जवळचे असे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत असताना तिने जगप्रदक्षिणेची तयारी सुरू केली. जुलै २०१८ मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली आणि २३ डिसेंबरच्या पहाटे कोलकात्यात तिने प्रदक्षिणेसाठी लागणारे २९,००० किलोमीटर पुरे केले. चौदा देश आणि १५९ दिवस. तेव्हा ती वीस वर्षांची होती. २९,००० या आकड्यामागे नियम आहे. सायकलवरची जगप्रदक्षिणा मोजायची तर किमान १८,००० मैल प्रत्यक्ष सायकल चालवावी लागते, सर्वसाधारण दिशा एकच ठेवावी लागते आणि पृथ्वीच्या पाठीवरची समोरासमोरची दोन ठिकाणे वाटेत घ्यावी लागतात. त्या प्रवासात कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटले, रशियात बर्फात तिने एकटीने रात्री काढल्या. उणे वीस अंशांपासून सदतीस अंशांपर्यंतचे हवामान तिने अंगावर घेतले.

वर्तमानपत्रांनी अस्वल, चाकू आणि बर्फ या तिन्ही गोष्टी ठळक छापल्या, आणि त्या आहेतच तशा. पण नकाशा समोर ठेवून तिच्या वाटेकडे पाहिले की माझे लक्ष वेगळ्याच जागी थांबते. स्पेनमध्ये लुटले गेल्यानंतर तिच्यापुढे फ्रान्सपासून फिनलंडपर्यंतचा युरोप होता, त्यापलीकडे रशियाचा हिवाळा होता आणि मग भारत. अस्वल मागे लागते तेव्हा ठरवायला काही उरत नाही, शरीर आपोआप पळते. लुटले गेल्यावर मात्र दुसरी सकाळ उजाडते, सायकल समोर उभी असते आणि ‘बस झाले’ म्हणायला पूर्ण मुभा असते. ती पुढे निघाली. १५९ दिवसांच्या हिशेबात अशा सकाळी कुठेच दिसत नाहीत. माझ्या लेखी त्या प्रवासातले सगळ्यांत कठीण काम त्याच सकाळी झाले. २०२४ मध्ये ती पुन्हा जगाच्या वाटेवर निघाली, त्यावरून पहिल्या वेळच्या त्या निर्णयांनी तिला काय दिले असेल याचा अंदाज यावा.

वेदांगीच्या पहिल्या प्रदक्षिणेच्या वर्षी, २०१८ मध्येच, स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहम यांनी कोणाचीही मदतगाडी न घेता बर्लिन ते बर्लिन अशी प्रदक्षिणा १२४ दिवसांत पुरी केली. या दोन प्रवासांची तुलना वेगाच्या अंगाने करण्यात मला रस नाही. बघण्यासारखी गोष्ट ऋतूची आहे. ग्रॅहम जूनमध्ये बर्लिनहून पूर्वेकडे निघाल्या, म्हणून रशिया त्यांना उन्हाळ्यात लागला. पर्थहून निघालेल्या वेदांगीच्या वाट्याला तो देश हिवाळ्यात आला. घरी टेबलापाशी बसून काढलेली एक रेघ काही महिन्यांनी तंबूतल्या थंडीचे माप ठरवते. लांब सफरीतले निम्मे चढउतार असे निघण्याआधीच ठरून गेलेले असतात. आपल्याकडेही तेच. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारा नोव्हेंबरात निघाला आणि मार्चअखेर निघाला, तर ते दोन वेगळे प्रवास होतात.

याच्या अगदी उलट टोकाला ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत आहे. पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे आणि सुमारे ४,८०० किलोमीटर कापून साधारण बारा दिवसांत पूर्व किनारा गाठायचा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ती पुरी केली. एकेकट्याने ती मुदतीत पुरी करणारे पहिले भारतीय २०१७ मध्ये झाले: श्रीनिवास गोकुळनाथ आणि त्यांच्या मागोमाग नागपूरचे डॉ. अमित समर्थ. समर्थांनी २०१८ मध्ये रशिया आडवा कापणारी नऊ हजार किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन शर्यतही संपवली. या माणसांनी शरीराच्या ज्या सीमा गाठल्या त्यांच्या जवळपासही साधा सफरी सायकलस्वार जात नाही. पण तिथे स्वाराच्या मागे गाडी असते आणि गाडीत क्रू असतो. कधी झोपायचे, किती मिनिटांनी उठायचे, आता काय खायचे, हे झोप झालेली माणसे ठरवतात. स्वाराने पॅडल मारायचे. क्रूने सोसलेला ताण लोकांना दिसत नाही, तरी एवढे खरे की स्वाराचे डोके त्यांच्याकडे गहाण टाकता येते. एकट्या सफरीत मागच्या गाडीतला तो शहाणा माणूसही आपणच असतो, आणि तोही तितकाच दमलेला असतो.

आपल्या मुलखातला या बाबतीतला जुना अनुभव मुंबईच्या पारशी तरुणांचा. १९२३ साली सहा जण जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८ साली मुंबईत परत आले ते तिघे: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. त्यांच्या मागोमाग १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर निघाले ते एकटे. व्हिएन्नापर्यंत एकट्याने गेल्यावर त्यांना गुस्ताव नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार मिळाला आणि सहारा, अ‍ॅमेझॉनचे खोरे असा पुढचा मुलूख दोघांनी मिळून पार केला. दावर १९३१ मध्ये परतले. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. एकीकडे सहाच्या जथ्यातले निम्मे मागे राहिले, दुसरीकडे एकट्याने निघालेल्याने वाटेत सोबत स्वीकारली. एकटेपणा हा नवस नव्हे. मिळालेली चांगली सोबत घ्यावी आणि तिचे काम झाले की मोकळे व्हावे, यात सफर कमी पडत नाही.

हे मी लिहितो आहे ते मुळशी तालुक्यातल्या चांद्यात. एका अंगाला हिंजवडी-माणच्या कंपन्यांच्या इमारती, दुसऱ्या अंगाला लवळ्याची टेकडी आणि तिच्यावरचे सिम्बायोसिस विद्यापीठ. नांदे-चांद्याच्या रस्त्याला सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या दुचाक्या, बांधकामाचे डंपर आणि शनिवार-रविवारी हेल्मेट घातलेले सायकलस्वार असे सगळे एकत्र लागतात. त्या सायकलस्वारांपैकी बहुतेक घोटवड्याला किंवा पौडला चहा घेऊन मागे फिरतात. थोडे मुळशीच्या धरणापर्यंत जातात. त्याहून थोडे ताम्हिणी उतरतात. चांद्याहून घोटवडे, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर करत माणगावला पोचायला साधारण नव्वद-शंभर किलोमीटर पडतात. एकट्या सफरीत जे जे घडते ते सगळे या एका दिवसाच्या वाटेत लहान प्रमाणात घडते, म्हणून मी तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पौडपर्यंत माणूस ओळखीच्या मुलखात असतो. वाहने आहेत, टपऱ्या आहेत, फोनला रेंज आहे. मुळशीच्या जलाशयाच्या कडेने रस्ता वळसे घेऊ लागला की चढ लांबलचक नसतात, पण संपतही नाहीत. एक टेकाड चढावे, पाण्याकडे उतरावे, पुन्हा टेकाड. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला तो याच खोऱ्यातला. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वरच्या अंगाने आपण चाललो आहोत, हे मला त्या रस्त्यावर दर वेळी जाणवते. मग ताम्हिणीचे जंगल येते आणि घाट कोकणाकडे सुटतो. पॅडल न मारता सायकल पळू लागते, हवा बदलते, घामावर वारा लागतो. विळ्याला पोचेपर्यंत माणसाला वाटू लागते की आज आपण काहीही करू शकतो.

हीच जागा धोक्याची. सफरीतली पडती वेळ माणसाला फसवते हे सगळे सांगतात. चढती वेळही तितकीच फसवते, हे फार थोडे जण सांगतात. घाट उतरल्याचा आनंद अंगात असताना माणगावला दुपारी दोन वाजता पोचलेला माणूस घड्याळ पाहतो आणि म्हणतो, श्रीवर्धन गाठू. नकाशावर अंतर थोडे दिसते. म्हसळ्याच्या बाजूचे चढ मात्र त्याला दिवस कलल्यावर भेटतात, आणि तेव्हा उतारावर कमावलेला आनंद कामाला येत नाही. मागून वारा असलेल्या दिवशीही हेच होते. वाऱ्याने नेलेले किलोमीटर माणूस स्वतःच्या पायांच्या खात्यावर मांडतो आणि त्या हिशेबावर उद्याचा पल्ला ठरवतो. उद्या तोच वारा तोंडावर आला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीने वाढतो आणि साधा सपाट रस्ता घाट होऊन बसतो.

ज्याला चढउतार खऱ्या अर्थाने अनुभवायचे आहेत त्याने घाटापेक्षा कोकणचा किनारा करावा, असे मी नेहमी सांगतो. घाट एकदा चढला की चढला. किनाऱ्याला तसे नाही. खाडीच्या तोंडाशी गाव, तिथून जांभ्याच्या सड्यावर चढ, सड्यावर दोन-चार किलोमीटर सपाटी, की लगेच पुढच्या खाडीकडे उतार. खाडी फेरीबोटीने ओलांडायची आणि पुन्हा पहिल्यापासून चढायचे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेऱ्या धरत गेले की बोटीवरच्या त्या थोड्या वेळाच्या विश्रांतीसाठीच आपण सायकल चालवतो आहोत असे वाटायला लागते. उंची कोणत्याच चढाची फार नाही. पण संध्याकाळी बेरीज केली तर एखाद्या मोठ्या घाटाच्या वरचढ भरते, आणि हाती मात्र उंच जागी पोचल्याचे समाधान नसते, कारण मुक्काम पुन्हा समुद्रसपाटीलाच. सड्यावर सावलीही नसते. एप्रिल-मेमध्ये कातळ तापला की वरून ऊन आणि खालून झळ. हेदवीच्या पुढे, तवसाळच्या बाजूला, एकट्या माणसाच्या मनात पहिल्यांदा तो प्रश्न उभा राहतो: हे सगळे मी कशासाठी करतो आहे?

त्या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. त्याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, शरीरात आहे. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा अर्धा किलोच्या आसपास असतो, आणि चढाच्या रस्त्यावर दोन-तीन तासांत तो खाली जातो. मेंदू मुख्यत्वे ग्लुकोजवर चालतो. साखर उतरली की पाय थांबण्याआधी उमेद थांबते. माणूस चिडतो, समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा राग येतो, घरची आठवण दाटून येते, आपण या कामाला लायकच नाही अशी खात्री पटते. दोन केळी, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेचे पाणी पोटात गेल्यावर अर्ध्या तासात त्यातले बरेचसे निघून जाते. जे निघून जात नाही ते मात्र खरे असते आणि त्याचा विचार करायलाच हवा. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊन दुसऱ्या सकाळीही तसेच राहिले, तर हॅन्डलवर पडणाऱ्या भाराने मनगटातली नस दबते आहे. ते खाऊन बरे होत नाही. पकड बदलावी लागते, सीट-हॅन्डलची उंची पाहावी लागते आणि एवढ्याने उतरले नाही तर दिवसभर थांबावे लागते.

भूक कोणती आणि दुखणे कोणते, हे ओळखणे म्हणजेच एकट्या सफरीचे शिक्षण. आणि थकलेल्या अवस्थेत ते ओळखता येत नाही, म्हणून ताज्या डोक्याने आधी नियम घालून घ्यावे लागतात. अनुभवी लोकांचे नियम वेगवेगळे असतात, पण त्यांचा रोख एकच. चढावर, अंधारात आणि उपाशीपोटी सफर सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. दुपारचा मुक्काम ठरला असेल तर अंगात कितीही जोर असला तरी तो ओलांडायचा नाही. भूक लागायची वाट न पाहता घड्याळाने खायचे. सूर्य मावळायच्या आत छप्पर शोधायचे. सकाळचा मी संध्याकाळच्या माझ्यासाठी हे नियम कागदावर लिहून ठेवतो, आणि संध्याकाळच्या मला त्याच्याशी वाद घालायची परवानगी नसते. ही शिस्त कोरडी वाटेल. पण सड्यावर बसलेल्या माणसाला आधार देणारे तेवढेच असते. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या बळावर पुरे करायचे लांब पल्ले, करणारे सायकलस्वार हे लवकर शिकतात, कारण तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास अशी मुदत असते आणि दुरुस्ती-खाण्यासाठी गाडी घेऊन मदतनीस मागे फिरवता येत नाही. लांब सफरीआधी असे दोन-तीन टप्पे करून पाहावेत, ही माझी शिफारस आहे.

सायकलीबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. गावात दुरुस्त होईल ती सायकल चांगली. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला गावातल्या दुकानातला पंप बसत नाही, म्हणून पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात असावा. सामान मागच्या कॅरिअरवर लादले की मागच्या चाकाच्या तारा तुटतात, आणि त्याही गिअरच्या बाजूच्या. ती तार बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या, काढाव्या लागतात, आणि त्यासाठीचे हत्यार बहुतेक ठिकाणी नसते. उरलेल्या तारा आवळून चाकाचा आऊट काढून देणारा कारागीर मात्र तालुक्याच्या गावी हटकून भेटतो. बहुतेक वेळा तो वयस्क असतो आणि काम करता करता तुम्हाला जेवलात का ते विचारतो.

त्या विचारण्यावर एकट्याची सफर उभी असते. एकटा म्हणून निघालेला माणूस दिवसभरात जितक्या अनोळखी माणसांवर भरवसा टाकतो, तितका घोळक्यातला कधी टाकत नाही. सहा जणांचा गट एखाद्या ओसरीवर आला की घरातली माणसे दारातून पाहतात. एकटा आला की पाण्याचा तांब्या बाहेर येतो. मंदिराचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, पेट्रोलपंपामागची खोली, कुणाच्या गोठ्याशेजारच्या पडवीतला कोपरा, असे मुक्काम मिळतात ते विचारल्याने. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना आल्याचे सांगितले की रात्र निर्धास्त जाते. हे सगळे पुरुषाला जितके सोपे आहे तितके बाईला नाही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकटीने निघालेल्या मुलीला कुठे थांबायचे हे ठरवताना एक जादा हिशेब करावा लागतो, तोही रोज, तोही थकलेल्या डोक्याने. तिने तो का करावा, हा प्रश्न आपल्या समाजाला विचारायचा आहे, तिला नाही. तोवर वाटेवरच्या घरांतल्या बायकाच तिचा सर्वांत भरवशाचा आधार असतात. त्या न विचारता चटई पसरतात.

पुढच्या पानांत ज्या सफरींची वर्णने आहेत ती वाचताना वाचकाने आकड्यांवरून नजर लवकर पुढे न्यावी आणि जिथे लेखक थांबला, वळला, परत फिरला त्या ओळी सावकाश वाचाव्यात. परत फिरणे हाही एक निर्णय आहे. तो खाऊन-पिऊन, झोप काढून, उजेडात घेतलेला असेल तर त्याबद्दल कोणी मान खाली घालू नये. उलट, अंधारात हट्टाने रेटलेल्या शेवटच्या तीस किलोमीटरचे कौतुक आपण बंद करायला हवे. ते वाचून कोणीतरी तरुण तसेच करायला जातो.

आणि ज्याला हे वाचून निघावेसे वाटेल त्याने पहिली सफर लहान ठेवावी. पाऊस संपून रस्ते वाळले की, दसऱ्यानंतर, पहाटे निघावे. घोटवड्यावरून पौडला न्याहारी करावी, मुळशीला पाणी भरून घ्यावे, ताम्हिणीच्या उतारावर दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबत जावे आणि माणगावला पोचून पोटभर जेवावे. तिथे एसटीचे स्थानक आहे आणि कोकण रेल्वेचेही. पुढे श्रीवर्धनला जायचे की मागे फिरायचे, हे जेवण झाल्यावर ठरवावे.